नदीचं निसर्गचित्र, ऑईल कलर, चार रविवार: ठाण्यातल्या एका वर्कशॉपचा रिव्ह्यू

जानेवारीत लागोपाठ चार रविवार एक वर्कशॉप केलं. नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा क्लास आहे, तिथे. विषय एकच, नदीचं निसर्गचित्र, ऑईलमध्ये, इम्प्रेशनिस्ट पद्धतीने, म्हणजे बारीक तपशील न भरता त्या क्षणाचा उजेड सुट्या फटकाऱ्यांनी पकडायचा. फी साडेसहा हजार, त्यात किट आणि मोठा कॅनव्हास धरून, वेळ सकाळी साडेआठ ते साडेबारा, तिसरा रविवार आउटडोअर. आम्ही नऊ जण होतो. क्लासचं नाव टाकत नाहीये कारण खाली काही तक्रारी पण आहेत आणि सगळा डोलारा एकट्या सरांवर आहे, त्या तक्रारी मी त्यांना समोरासमोर सांगितल्यात, तेवढं पुरे. पण ठाण्यात असं कोणी शिकवतंय हे लोकांना कळायला हवं असं मनापासून वाटतं म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

मी का गेले ते आधी सांगते. मी बदलापूरची, उल्हास नदीच्या काठावर वाढलेली, लग्नानंतर मानपाड्याला आले त्याला आता सतरा वर्षं झाली. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या, ग्रेड पण चांगल्या होत्या, पण नदी काढायची म्हटलं की हातातून तेच चित्र यायचं जे आपण सगळ्यांनी काढलंय, दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, त्यातून वळत येणारी निळी नदी, बाजूला कौलारू घर आणि एक नारळाचं झाड. खरी नदी रोज समोर होती, ती निळी नव्हती, तरी कागदावर कायम निळीच यायची, आणि हे मला चाळिशी उलटेपर्यंत खटकत राहिलं. मधे दोन वर्षं मोबाईलवर व्हिडिओ बघून अॅक्रिलिक केलं, पण अॅक्रिलिक आपल्या उन्हाळ्यात पंख्याखाली पाच मिनिटात वाळतं, दोन रंग कॅनव्हासवरच एकमेकात मिसळायचे म्हटलं तर वेळच मिळत नाही. म्हणून ऑईल.

पहिल्या रविवारी ब्रश हातात दिलाच नाही. काही जण नाराज झाले, मला स्वतःला तो दिवस सगळ्यात जास्त आवडला. सर जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे, साठीच्या आसपासचे, आवाज हळू, आणि प्रत्येकाला अहो-जाहो करणारे, अगदी बॅचमधल्या अठरा वर्षांच्या मुलाला सुद्धा. त्यांनी भिंतीवर एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्सच्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या प्रिंट्स लावल्या होत्या आणि सगळ्या नदीच्या. म्हणाले, ही मंडळी नदीकाठी जाऊन बसली कारण जाऊन बसणं आता शक्य झालं होतं. 1841 मध्ये जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने दाबून रंग काढायच्या पत्र्याच्या ट्यूबचं पेटंट घेतलं, त्याच्या आधी रंग घोटून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचे, एकदा टोचलं की नीट बंद करता यायचं नाही, असलं सामान घेऊन कोण नदीवर जाणार. ट्यूब आली, रेल्वे आली, पॅरिसहून सकाळी निघून सेन नदीच्या काठावर दिवसभर बसून संध्याकाळी परत येता यायला लागलं. हे ऐकताना मला आपली कर्जत लोकलच दिसत होती, सकाळी डबा घेऊन निघायचं आणि नेरळच्या पुढे कुठेतरी नदीकाठी उतरायचं.

मग 1869 सालची गोष्ट सांगितली. मोने आणि रेन्वार हे त्यांच्यातलेच दोघं सेनच्या काठावर ला ग्रेनुइयेर नावाच्या जागी, लोकांच्या पोहायच्या आणि होड्यांच्या ठिकाणी, शेजारी शेजारी ईझल, म्हणजे चित्राचे स्टँड, लावून बसले आणि एकच देखावा दोघांनी रंगवला. दोन्ही प्रिंट बाजूबाजूला होत्या. सरांनी विचारलं, पाणी कुठे आहे दाखवा. आम्ही दाखवलं. म्हणाले जवळ येऊन बघा. जवळ गेलं तर पाणी नाहीच, नुसते आडवे पट्टे, एक फिकट निळा, एक गडद हिरवा, एक जवळजवळ पांढरा, एक मातकट, एकमेकांच्या शेजारी ठेवलेले, न मिसळलेले. चार पावलं मागे आलं की परत पाणी हलायला लागतं. मी तिथे तीन-चार वेळा मागे-पुढे करून बघितलं, मोबाईलच्या स्क्रीनवर हे कधीच कळलं नसतं कारण तिथे आपण मागे जातच नाही.

सेनच्याच काठावरच्या आर्जांतय गावात मोने 1871 पासून 1878 पर्यंत राहिला आणि तिथे त्याने एका होडीवर छोटी केबिन बांधून तिचाच स्टुडिओ केला, पाण्याच्या पातळीवर बसून पाणी रंगवायचं म्हणून. पुढे 1896-97 मध्ये सेनवरच्या सकाळची मालिका केली तेव्हा उजाडायच्या आधी होडीत जाऊन बसायचा आणि बरोबर बरेच कॅनव्हास, उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. आणि 1891 मध्ये एप्त नदीकाठची पॉपलरची झाडं रंगवत असताना ती तोडायला काढली, तर याने लाकूडवाल्याला पैसे देऊन चित्रं पुरी होईपर्यंत तोड थांबवली. घोडबंदर रोडला रोज ये-जा करताना झाडं तुटताना बघणाऱ्या माणसाला ही गोष्ट जरा जास्तच लागते.

एक प्रिंट सिसले या त्यांच्यातल्याच चित्रकाराची होती, 1876 च्या पुराची, पोर्ट मार्ली गावात पाणी शिरलंय, एक इमारत पाण्यात उभी आहे आणि होड्या दाराशी. मला वाटलं होतं पुराचं चित्र म्हणजे भयानक असेल, पण पाणी शांत आहे आणि त्यात अख्खं आभाळ उतरलंय. 26 जुलै 2005 ला आमच्याकडे तळमजल्यात पाणी होतं, रात्रभर आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे बसून काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून बघितलं तर रस्त्यावरच्या त्या गढूळ चहासारख्या पाण्यावर ढगांच्या कडा चमकत होत्या. इतकी वर्षं मी हे कोणाला बोलले नव्हते, कारण अशा वेळी सुंदर दिसलं म्हणणं बरोबर वाटत नाही. त्या प्रिंटसमोर पहिल्यांदा वाटलं की दोन्ही खरं असू शकतं.

उरलेला वेळ फक्त रंग मिसळणं. किटमध्ये कॅमलिनच्या ट्यूबा होत्या, दांडेकरांनी 1931 मध्ये सुरू केलेली कंपनी, आपल्यातल्या बहुतेकांच्या कंपासपेटीपासून ओळखीची. टायटॅनियम व्हाईट, लेमन यलो, यलो ओकर, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू, व्हिरिडियन आणि काळा. सरांनी पहिलं काम काय केलं तर काळी ट्यूब सगळ्यांकडून परत घेतली. मोनेने 1905 साली एका पत्रात आपण वापरतो ते रंग सांगितलेत, त्यात काळा नाही. मग गडद कसं करायचं, तर व्हिरिडियन आणि क्रिमसन मिसळून बघा म्हणाले, हिरवा आणि लाल, एकमेकांच्या विरुद्ध, मिसळले की जवळजवळ काळाच होतो, पण मेलेला काळा नाही, थोडा क्रिमसन वाढवला की जांभळ्याकडे झुकतो, व्हिरिडियन वाढवला की दाट झाडीच्या पोटातला अंधार. त्या एका मिश्रणाच्या मी वहीत बावीस छटा लावल्यात, ते पान अजून बघत बसते.

दुसऱ्या रविवारी आठ बाय दहा इंचाच्या बोर्डवर फक्त पाणी. इथे काही गोष्टी मला पहिल्यांदा नीट कळल्या. प्रतिबिंब म्हणजे वरच्या वस्तूची उलटी कॉपी नाही. गडद वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडं उजळ पडतं आणि उजळ वस्तूचं थोडं गडद, म्हणजे पांढरी होडी पाण्यात राखाडी होते आणि काळी झाडी पाण्यात जरा फिकट. प्रतिबिंब नेहमी सरळ खाली येतं, आपल्याकडे येतं, सावली मात्र सूर्य असेल त्याप्रमाणे कुठेही पडते, आणि आपण दोन्हीची गल्लत करतो. लाटांचे पट्टे लांबवर बारीक आणि जवळ जवळ, पायाशी रुंद आणि लांब लांब, नाहीतर नदी भिंतीसारखी उभी दिसते. माझी उभीच दिसत होती. सरांनी सांगितल्यावर वरचे पट्टे अर्ध्याने बारीक केले आणि पाणी आडवं झालं, खरंच, डोळ्यासमोर.

आणि स्ट्रोक. ते म्हणायचे, "एकदा ठेवला की ठेवला, परत कुरवाळायचा नाही." आपल्याला सवय असते घासत बसायची, एकसारखं करत बसायची, आणि ओल्यावर ओलं घासलं की तीन रंगांचा एक चिखल होतो. रंग उचलायचा भरपूर, ठेवायचा, हात उचलायचा, ब्रश फडक्याला पुसायचा आणि मगच दुसरा रंग. पुसणं हे अर्धं काम आहे. जुन्या धोतराचे तुकडे सगळ्यात छान, कॉटन आणि मऊ, मी आईकडून आजोबांचं एक मागून आणलं.

तक्रार नंबर एक इथेच सांगते, खोली. एसी लावून खिडक्या बंद, नऊ जणांच्या नऊ वाट्यांमध्ये रंग पातळ करायचं टर्पेंटाईन उघडं, दोन तासांत माझं डोकं ठणकायला लागलं आणि शेजारच्या काकांना, बँकेतून रिटायर झालेले, खूप हौशी, त्यांना खोकला सुरू झाला. मी उठून सांगितलं तेव्हा खिडक्या उघडल्या, मग रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले पण श्वास तरी घेता आला. ऑईल शिकवताना ही पहिली गोष्ट हवी. वाट्यांना झाकण हवं आणि पंखा बाहेर हवा टाकणारा हवा. तेलाच्या फडक्यांचं पण तसंच, ऑईल कलरमधलं जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि ते होताना उष्णता सुटते, अशा फडक्यांचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात कोंबला तर आपोआप पेट घेऊ शकतो. क्लासमध्ये सगळी फडकी एका प्लास्टिकच्या बादलीत जात होती. हे मी वाचलेलं होतं म्हणून बोलले, सरांनी मान्य केलं आणि पुढच्या वेळेपासून फडकी गॅलरीच्या दोरीवर पसरून वाळत घातलेली दिसली. घरी करणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

दुसरी तक्रार किटमधल्या ब्रशची. हॉग हेअर, म्हणजे डुकराच्या राठ केसांचे, म्हणून दिले होते, आकार बरोबर, फ्लॅट (चपटे) आणि फिलबर्ट (चपटे पण टोकाला गोल), पण केस सोडत होते, दर दोन स्ट्रोकला एक केस आभाळात अडकलेला, चिमट्याने काढायचा आणि काढताना रंग विस्कटायचा. साडेसहा हजारात दोन बरे ब्रश देता येतात, संख्या कमी चालेल.

आता तिसरा रविवार, ज्याच्यासाठी मी हे सगळं परत करायला तयार आहे. गायमुख. घोडबंदर रोडला चौपाटी केली आहे तिथून जरा बाजूला. पाणी म्हणजे उल्हासच, बदलापूर, कल्याण करत इथवर आलेली आणि पुढे वसईला समुद्राला मिळणारी, इथे तिला खाडी म्हणतात पण माझ्यासाठी ती माझ्या घरासमोरचीच नदी. पावणेसातला पोचायचं होतं, सरांनी तारीख भरती बघून ठरवली होती. तिथे एक कोळी दादा होडी लावत होते, त्यांनी हिशोब सांगितला, तिथीची पाऊणपट करायची, आज दशमी, दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातला भरती, आणि इथे आत खाडीत जरा उशिरा. अगदी तसंच झालं, आठच्या सुमारास पाणी थांबलं, दहा-पंधरा मिनिटं काचेसारखं, आणि मग हळूहळू उलटं निघालं.

सरांनी प्रत्येकाला एक राखाडी पुठ्ठ्याचं पोस्टकार्डाएवढं कार्ड दिलं, मधोमध पंचिंग मशीनने पाडलेलं एक भोक. एक डोळा मिटायचा, हात लांब करायचा आणि भोकातून पाण्याचा एक तुकडा बघायचा. "नदी विसरा, रंगाचं नाव सांगा." मी पहिल्यांदा भोक पायाजवळच्या पाण्यावर धरलं. निळा म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणता आलं नाही. भोकात होता दूध जास्त झालेल्या चहाचा रंग, त्यात किंचित गुलाबी. कार्ड वर सरकवलं, मधलं पाणी, तर तोच चहा आता फिकट जांभळट राखाडी. अजून वर, पलीकडच्या काठाजवळ, जवळजवळ पांढरा, पिवळसर. मग डोंगर. समोरच्या भिवंडी-वसईकडच्या डोंगरांना आपण हिरवे म्हणतो, भोकातून ते कबुतराच्या मानेसारखे निळे-जांभळे, आणि धुक्यात खालचा भाग वरच्यापेक्षा फिकट. तिवरांची झाडी तेवढी गडद, पण तीही हिरवी नाही, वहीतल्या बावीस छटांमधली सातवी की आठवी. कार्ड खाली केलं की परत सगळं नदी, डोंगर, झाडं होतं, कार्ड धरलं की नुसते रंग. हे मी दहा मिनिटं करत होते आणि मला सांगायला लाज वाटत नाही, डोळे भरून आले, कारण पस्तीस वर्षं जी गोष्ट खटकत होती ती त्या भोकात दिसत होती.

काम करायचं ते पाऊण तासात, त्यापुढे त्या कॅनव्हासला हात लावायचा नाही, कारण उजेड बदललेला असतो आणि मग एकाच चित्रात दोन सकाळी होतात. दहा बाय बाराचे दोन बोर्ड दिले होते, एक सव्वासात ते आठ, दुसरा सव्वाआठ ते नऊ. पहिल्यात ऊन नव्हतंच, सूर्य उजवीकडे पाठीमागे आणि सगळं धुकट. दुसऱ्यात ओहोटी लागली आणि काठाला चिखलाची ओली पट्टी उघडी पडली, ती पट्टी आभाळापेक्षा चमकत होती, कोबाल्ट आणि पांढऱ्यात अगदी थोडा व्हर्मिलियन घातला तेव्हा जमली. सावल्या निळ्या का असतात ते पण तिथेच कळलं, उन्हात जे आहे त्याला सूर्याचा पिवळा उजेड मिळतो आणि सावलीत जे आहे त्याला फक्त वरच्या निळ्या आभाळाचा, म्हणून काठाच्या दगडांची सावली करडी नाही तर निळसर जांभळी. पुस्तकात वाचलं तर माहिती वाटते, तिथे दगडावर हात ठेवून बघितलं की दिसतं.

अडचणी पण होत्या. वारा सुटल्यावर दोघांची ईझल पडली, दोन्ही बोर्ड रंगाच्या बाजूने. पायाला पाण्याची बाटली बांधून ठेवा असं सरांनी पडल्यानंतर सांगितलं, आधी सांगायला हवं होतं. बारीक किडे ओल्या रंगाला चिकटतात, ते तिथे काढायचे नाहीत, वाळले की टिचकीने निघतात. टोपी हवीच, आणि कपडे पांढरे घालू नका, पांढऱ्या कपड्याचा उजेड कॅनव्हासवर पडून रंग फसवतात. बायकांसाठी बाथरूमची सोय कुठे आहे हे आधीच विचारून ठेवा, आमच्यात तिघींनी पाणी न पिता चार तास काढले, हे क्लासने बघायला हवं.

ते कोळी दादा परत जाताना थांबले आणि माझ्या बोर्डकडे बघून म्हणाले, "ताई, आमची होडी काढली वाटतं." होडी म्हणजे माझ्या बोर्डवर फक्त तीन स्ट्रोक होते, एक गडद, एक ओकर, खाली पाण्यात एक राखाडी. मी विचारलं कशावरून ओळखली. म्हणाले, बसलीये ना तशीच, मागून जरा दबलेली. इतका आनंद मला इंटरमिजिएटची ग्रेड आली तेव्हा पण झाला नव्हता.

चौथा रविवार क्लासमध्ये, सोळा बाय वीसच्या कॅनव्हासवर, दोन्ही बोर्ड समोर ठेवून मोठं चित्र. मी पहिली सकाळ घेतली, धुक्याची. आधी पातळ, टर्पेंटाईनमध्ये पातळ केलेल्या रंगात मोठे भाग लावून घ्यायचे, मग जाड, तेल जास्त असलेले थर वर, उलटं केलं तर खालचा तेलकट थर सावकाश वाळतो, वरचा पटकन, आणि पुढे तडे जातात. आभाळ आधी, कारण पाण्यात आभाळच आहे. दोन तासात चित्र उभं राहिलं होतं आणि मी खूश होते.

आणि मग माझी सगळ्यात मोठी तक्रार. सर मागे येऊन उभे राहिले, "इथे चमक हवी" म्हणाले, माझ्या हातातला ब्रश घेतला आणि पाण्याच्या मधोमध लेमन यलो आणि पांढऱ्याचे पाच-सहा झणझणीत पट्टे ठेवले. दोन सेकंदांचं काम. आजूबाजूचे सगळे वा म्हणाले आणि दिसत होतं छानच, त्यांचा हात पस्तीस-चाळीस वर्षांचा आहे. पण त्या सकाळी तिथे चमक नव्हती. मी भोकातून बघितलं होतं, मधल्या पाण्यात फिकट जांभळट राखाडी होता, ऊन पाण्यावर आलं ते साडेआठनंतर, दुसऱ्या बोर्डवर. तीन आठवडे ज्या माणसाने शिकवलं की दिसेल तोच रंग ठेवा, त्यानेच न दिसलेला ठेवला आणि तोही न विचारता. मी तेव्हा काही बोलले नाही. घरी आल्यावर त्याच रात्री पॅलेट नाईफने ते पट्टे खरवडून काढले, ऑईल असल्यामुळे ओलंच होतं, आणि माझा राखाडी परत ठेवला. पुढच्या आठवड्यात पॅलेट परत करायला गेले तेव्हा सांगितलं. सर दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, मी विचारायला हवं होतं, तिथे मी नव्हतो बसलेलो, तुम्ही होतात." हे म्हणणारे शिकवणारे फार नसतात, म्हणून तक्रार लिहिली तसं हेही लिहितेय.

शेवटच्या दिवशी साडेबाराऐवजी साडेअकरालाच आवरायला लागलं कारण मुलांच्या परीक्षेची जादा बॅच लावली होती. पैसे चार तासांचे घेतलेत, हे बरोबर नाही, आणि ऑईलमध्ये शेवटचा एक तास फार मोलाचा असतो.

ओला कॅनव्हास घरी न्यायची कोणी काही सोय सांगितली नाही. मी काय केलं ते सांगते, त्याच मापाचा रिकामा कॅनव्हास घेतला, दोन्हीची तोंडं समोरासमोर, मधे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, आणि बाहेरून सुतळी. रिक्षातून मांडीवर घेऊन नौपाडा ते मानपाडा एक ओरखडा न येता आलं. वाळायला पांढरा जिथे जाड आहे तिथे तीन आठवडे लागले, टायटॅनियम व्हाईट मुळातच सावकाश वाळतो, बाकी आठवड्याभरात हाताला लागेनासं झालं. पावसाळ्यात याहून जास्त लागणार. आणि व्हार्निशची घाई करू नका, वरून वाळलेलं दिसलं तरी आतून व्हायला सहा महिने ते वर्ष जातं, फ्रेमवाला म्हणेल लगेच मारून देतो, नाही म्हणा.

फ्रेम नाही अजून, हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला नुसतंच टेकवून ठेवलंय. आई बदलापूरहून आली होती गेल्या आठवड्यात. तिला कुठलं, काय, काही सांगितलं नव्हतं. चप्पल काढून आत आली, पाणी प्यायली, चित्राकडे बघितलं आणि म्हणाली, "थंडीतलं आहे ना गं, ऊन यायच्या आधीचं." चित्रात सूर्य नाही, शाल पांघरलेली माणसं नाहीत, काही नाही. मग जवळ जाऊन बघायला लागली आणि म्हणाली जवळून तर काहीच नाहीये, नुसते फटकारे. मी तिला हाताला धरून चार पावलं मागे आणलं.

पुढची बॅच मार्चमध्ये आहे असं सर म्हणाले, विषय तोच, आउटडोअर परत गायमुखलाच. ज्यांना एका दिवसात भिंतीवर लावायला चित्र हवंय त्यांनी जाऊ नका, तसे एक-दिवसाचे वर्कशॉप ठाण्यात खूप आहेत आणि त्यात काही वाईट नाही. ज्यांना बघायला शिकायचंय त्यांनी जा. स्वतःचे दोन बरे फ्लॅट ब्रश घेऊन जा, सहा आणि दहा नंबर पुरतात, झाकणाची छोटी स्टीलची डबी टर्पेंटाईनला, जुनं धोतर किंवा कॉटनची साडी फाडून, आणि पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की माझ्या कॅनव्हासला हात लावायच्या आधी विचारा, सर ऐकतात. आणि ते भोकाचं कार्ड परत मागतील, देऊ नका म्हणजे विनंती करून मागून घ्या, मी मागितलं तर दिलं, आता पर्समध्ये असतं, परवा कळव्याच्या पुलावरून लोकल जात असताना दारात उभी राहून खाली धरलं, हिरवट शिसवी रंग होता, कडेला एक गंजासारखी रेघ, नक्की कशाची ते कळायच्या आत पूल संपला.